तालमीतल्या गड्याला कशाला तपासणी?

छकुले,

काल रात्री तू फोनवर जे बोललीस ते अजून कानात आहे. लग्नाआधी दोघांनी एचआयव्हीची तपासणी करून घ्या, एवढंच मी म्हटलं. तर तू फणकारलीस, "अक्का, तो तालमीतला गडी आहे. चार वर्षांत साधा ताप आला नाही त्याला. त्याला कशाला तपासणी?" मागून मायचा आवाज आला, "सुपारी फुटली अन् ही काय अभद्र बोलती!" आणि फोन बंद.

बरं झालं बंद झाला. आपल्या चकलांब्यात फोनवरचं बोलणं भिंतीपलीकडच्या चुलतीला आधी ऐकू जातं. म्हणून लिहून पाठवतेय. दुपारी कापूस वेचून आल्यावर, घरात कुणी नसताना वाच. आणि रागावू नकोस. त्या पोराविषयी माझ्या मनात काही वाकडं नाही, गुणी आहे तो. पण माझी सगळी नोकरी तपासणीच्या खोलीत, समुपदेशकाच्या खुर्चीवर गेली. तिथं जे रोज पाहते ते धाकट्या बहिणीला नाही सांगायचं, तर कुणाला सांगायचं?

तुझ्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे आणि एक मोठी चूक आहे. खरं हे, की लागण होण्याआधी माणसाची तब्येत कशी होती, याचा पुढं आजार किती वेगानं वाढतो यावर परिणाम होतो. चूक ही, की तब्येत चांगली म्हणजे लागण नाही, असं तू धरून चाललीस. तसं नसतं गं. निरोगी शरीर हा विषाणू दारात अडवत नाही. ते त्याला जास्त वर्षं झाकून मात्र ठेवतं.

काहीच उपचार घेतले नाहीत, तर लागणीपासून एड्सपर्यंत पोचायला सरासरी आठ-दहा वर्षं लागतात. कुणी दोन-तीन वर्षांतच अंथरूण धरतो, कुणाला पंधरा वर्षं काही होत नाही. त्या मधल्या काळात माणूस कुस्ती मारतो, ट्रॅक्टर चालवतो, लग्न करतो, बाप होतो. त्याला ताप येत नाही, वजन घटत नाही. अंगकाठी बघून एचआयव्ही ओळखता आला असता, तर सरकारनं मला त्या खुर्चीवर कशाला बसवलं असतं?

तू मागं एकदा विचारलं होतंस, "एकाच वेळी कळलेल्या दोघांत एक लवकर जातो आणि दुसरा वीस वर्षं जगतो. हे नशीब नाही तर काय?" तेव्हा मी उत्तर टाळलं. आज देते.

माझ्यासमोर दोघी सख्ख्या जावा बसल्या होत्या. नाव-गाव सांगत नाही, तू अंदाज लावू नकोस आणि कुणी लावला तर थांबव. दोघींना एकाच वर्षी कळलं. थोरली पाच वर्षांत गेली, धाकटी आज नातवाला खेळवते. त्या काळी आतासारख्या लगेच गोळ्या सुरू होत नसत. सीडीफोरचा काउंट ठरावीक आकड्याखाली घसरला की मग सुरू करायच्या, तोवर वाट बघायची. थोरली अंगानं थोराड, पन्नास किलोचं पोतं सहज उचलायची. भाऊबंद म्हणायचे, "एवढी दणकट बाई गेली कशी?" पण तिच्या कागदावर वेगळंच होतं. वय चाळिशीच्या पुढं. आयुष्यभर ऊसतोडीच्या फडावर मोळ्या वाहिलेल्या. चार बाळंतपणं, रक्त कधीच आठच्या वर गेलं नाही. आधी एकदा टीबी होऊन गेलेला. धाकटी बावीस वर्षांची, माहेरी दूधदुभतं, अंगात जुनं दुखणं नाही. लोक थोरलीचे दंड बघत होते. तिच्या रक्तातली शिल्लक कुणाला दिसतच नव्हती.

अर्थात एका घरावरून नियम काढायचा नसतो. म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षं हजारो माणसांचं रक्त तपासलं त्यांना काय सापडलं, ते सांगते. आधी आपल्या भाषेत समजून घे.

रक्तातल्या पांढऱ्या पेशींत सीडीफोर नावाची एक जात असते. तिचं काम टोळीच्या मुकादमाचं. कुठल्या जंतूवर कुणी जायचं, कधी थांबायचं, हे ती बाकीच्यांना सांगते. एचआयव्ही नेमका या मुकादमालाच धरतो. मुकादम गेला की टोळीत कोयते कितीही असोत, फड तसाच उभा राहतो. निरोगी माणसात या पेशी एका घनमिलिमीटर रक्तात साधारण ५०० ते १५०० असतात. २०० च्या खाली गेल्या की त्याला एड्सची अवस्था म्हणतात. आता ज्याची सुरुवातच १२०० पासून झाली आणि ज्याची ५५० पासून झाली, त्यांच्यात किती वर्षांचा फरक पडेल, हे तूच मोजून बघ.

पण गोष्ट नुसत्या आकड्याची नाही, आणि इथंच लोक फसतात. या पेशी काही निवांत बसलेल्या असतात, काही लढाईला लागलेल्या. विषाणूला स्वतःची चूल नसते. दुसऱ्याच्या पेटलेल्या चुलीवरच तो आपलं रांधून घेतो. निवांत पेशीत त्याची फारशी डाळ शिजत नाही, लढाईला लागलेल्या पेशीत मात्र त्याच्या भराभर हजारो प्रती तयार होतात. म्हणजे ज्याच्या अंगात आधीपासून जंत, टीबी, जुनाट जखमा, वरचेवर जुलाब, अंगावरून जाणं असं काही ना काही धुमसत आहे, त्याच्या घरी सगळ्या चुली पेटलेल्याच असतात. आयता पाहुणचार!

नेदरलँड्समधल्या ॲमस्टरडॅम शहरात १९८४ पासून एक मोठा अभ्यास चालू आहे. तिथं माणसांचं रक्त लागण होण्याच्या आधीपासून वेळोवेळी घेऊन जपून ठेवलं जात होतं. त्यातल्या काहींना पुढं लागण झाली. मग संशोधकांनी मागं वळून त्यांचं जुनं, निरोगी असतानाचं रक्त तपासलं. २००३ साली त्यांनी मांडलं, की लागण होण्याआधीच ज्यांच्या सीडीफोर पेशी कमी होत्या आणि ज्यांच्या पेशी आधीच जास्त चेतलेल्या होत्या, ते पुढं एड्सकडं लवकर गेले. थोरल्या जावेचं कोडं मला ते वाचल्यावर उलगडलं.

लागण झाल्यावरचे पहिले काही आठवडे तर फार महत्त्वाचे. त्या दिवसांत सगळ्यात मोठी लूट रक्तात नाही, आतड्यात होते, कारण सीडीफोर पेशींचा मोठा साठा तिथंच असतो. आतड्याचं अस्तर फाटकं झालं की तिथले जंतूंचे अंश रक्तात झिरपतात आणि अंग कायमचं चेतलेलं राहतं. नंतरच्या काही महिन्यांत विषाणूची रक्तातली पातळी एका जागी येऊन स्थिरावते. ती ज्याची उंच, त्याचा आजार वेगानं पुढं जातो. अमेरिकेतल्या संशोधकांनी हे १९९६ साली दाखवून दिलं. म्हणजे पुढच्या दहा वर्षांचा बराचसा हिशेब पहिल्या सहा महिन्यांत मांडला जातो. आणि त्या सहा महिन्यांत माणसाला फार तर एकदा फ्लूसारखा ताप येतो, घसा दुखतो, अंगावर पुरळ उठतं. मेडिकलमधून दोन गोळ्या घेतो आणि विसरून जातो.

हे सगळं परदेशातलं झालं म्हणशील. आपल्या महाराष्ट्रातलंही ऐक. पुण्याजवळ भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था १९९२ साली सुरू झाली, तिला तेव्हा सगळे 'नारी' म्हणायचे. तिथल्या डॉक्टरांनी नुकतीच लागण झालेल्या माणसांवर लक्ष ठेवलं. २००२ च्या त्यांच्या अहवालात असं दिसलं, की आपल्याकडच्या या रुग्णांत विषाणूची वाढ आणि सीडीफोरची घसरण युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांपेक्षा वेगानं होत होती. आपल्याकडचा विषाणू 'सी' उपप्रकाराचा, शिवाय आपल्या लोकांच्या अंगात आधीची दुखणी आणि पोटाला कमी, अशा बऱ्याच गोष्टी त्यामागं असू शकतात.

काही भाग जन्मानं मिळतो, तो कुणाच्या हातात नाही. विषाणूला पेशीत शिरायला लागणारी एक कडी काही माणसांत जन्मतःच नसते. उत्तर युरोपात अशी माणसं शंभरात एखादी सापडतात, आपल्याकडं जवळजवळ नाहीतच. काहींच्या पेशींवरच्या खुणा अशा असतात, की शरीर या विषाणूला चांगलं ओळखतं आणि दाबून ठेवतं. वयाचंही तसंच. उपचार येण्याआधीच्या काळातल्या हजारो रुग्णांची माहिती युरोपातल्या अभ्यासकांनी २००० साली एकत्र केली. १५ ते २४ वर्षांच्या वयात लागण झालेले सर्वसाधारणपणे साडेबारा वर्षं जगले, ४५ ते ५४ च्या वयात लागण झालेले आठ वर्षांच्या आत गेले. आणि ज्यांची प्रतिकारशक्ती अजून तयारच झालेली नाही, त्या तान्ह्या बाळांचं तर सांगवत नाही. उपचार नसतील तर लागण झालेली निम्मी बाळं दोन वर्षांची होण्याआधी जातात. आपल्या बीडजवळ पालीला दत्ता आणि संध्या बारगजे हे जोडपं 'इन्फंट इंडिया' चालवतं ना, अशाच अनाथ लेकरांसाठी? गोळ्या वेळेवर मिळाल्या तर ही लेकरं शाळेत जातात, मोठी होतात. लहानपणीची कमकुवत सुरुवात औषधानं भरून निघते, याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे.

आता आपल्या गावाकडं वळू. तुला आठवत नसेल, तू कोपीत झोळीत होतीस. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल फेडायला आपण ऊसतोडीला निघायचो आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावरच परत यायचो. पहाटे तीनला माय फडात. पाणी मिळेल तिथलं. रात्रीची भाकरी सकाळी, सकाळची दुपारी. संडास नाही, न्हाणीला आडोसा नाही. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, कारण खाड्याचे पैसे कापले जातात. अशा राहण्यातून बायकांना जंतुसंसर्ग होतो, पांढरं जातं, खाज येते, ओटीपोट दुखतं. बाई कुणाला सांगत नाही. सांगितलंच तर काय होतं, तेही आपल्या जिल्ह्यानं पाहिलं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ साली राज्यभर गाजलं, सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ज्या दुखण्याला आठवड्याची औषधं पुरली असती, त्यासाठी तिशीतल्या बायकांनी पिशवी काढून घेतली.

हे इथं का सांगते? कारण हे अंगावर काढलेलं दुखणं एचआयव्हीशी थेट जोडलेलं आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या तरुण बायकांच्या अभ्यासात दिसलं, की ज्यांच्या जननमार्गात आधीपासून दाह होता त्यांना लागण होण्याचा धोका जास्त होता. पुन्हा तीच पेटलेली चूल. अंगात रक्त कमी असणंही तसंच वाईट. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांत रक्त कमी आढळलं. म्हणजे आपल्या गल्लीत दहा जणी पापड लाटायला बसल्या, तर त्यातल्या पाच-सहा जणी. म्हणून कुणी लवकर आजारी पडली की "तिचे भोग" म्हणू नकोस. ते भोग बरेचसे फडावरचे, पाण्यातले आणि ताटातले असतात.

तू म्हणशील, मग चांगलंचुंगलं खाल्लं, काढा घेतला, पावडर प्याली की झालं. थांब. चेतलेल्या पेशीच विषाणूला हव्या असतात, हे आत्ताच वाचलंस ना? 'प्रतिकारशक्ती वाढवा' असं डब्यावर छापून विकणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. शरीराला हवी ती शांत, पोटभर जेवलेली आणि दुखण्यातून मोकळी झालेली ताकद. ती पावडरीनं येत नाही. टांझानियातल्या दार-ए-सलाम शहरात १,०७८ गरोदर बाधित बायकांवर प्रयोग झाला, तेव्हा त्यांना एआरटी, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या, मिळत नव्हती. बी, सी आणि ई जीवनसत्त्वांच्या गोळ्या मिळालेल्यांचा आजार थोडा सावकाश वाढला, असं २००४ साली प्रसिद्ध झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढं एआरटी सुरू असलेल्यांना हीच जीवनसत्त्वं भरपूर प्रमाणात देऊन पाहिली. २०१२ चा निकाल असा, की काही जास्तीचा फायदा झाला नाही, उलट काहींच्या यकृतावर ताण आला. जिथं काहीच नाही तिथं मूठभर शेंगदाण्यांचाही आधार होतो. औषध आहे तिथं औषधाची जागा शेंगदाणे घेऊ शकत नाहीत.

आणि औषध आहे, छकुले. हीच या सगळ्यातली मोठी गोष्ट. आपल्या देशात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटीच्या गोळ्या फुकट मिळू लागल्या. तेव्हा काउंट पडेपर्यंत थांबावं लागायचं. मग २०१५ साली ३५ देशांतल्या ४,६८५ माणसांवरच्या अभ्यासाचा निकाल आला. काउंट ५०० च्या वर असतानाच ज्यांनी गोळ्या सुरू केल्या, त्यांच्यात गंभीर आजार आणि मृत्यू मिळून ५७ टक्क्यांनी कमी झाले. २०१७ पासून आपल्याकडंही काउंट कितीही असो, कळलं की गोळ्या सुरू. म्हणजे आधीची तब्येत चांगली की वाईट, चूल पेटलेली की थंड, यानं जो फरक पडायचा तो लवकर सुरू केलेली गोळी बराचसा पुसून टाकते. थोरली जाऊ आज तपासायला आली असती, तर तिनंही नातू खेळवला असता. मला खरंच तसं वाटतं.

दुसरं, गोळी नियमित घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला, की त्या माणसाकडून जोडीदाराला लैंगिक संबंधातून लागण होत नाही. यामागच्या मोठ्या अभ्यासात नऊ देशांतली १,७६३ जोडपी होती आणि त्यात आपल्या पुण्याची 'नारी'ही होती. २०११ चा तो निकाल ऐकून आम्ही सगळ्या समुपदेशक बायका चहा सोडून टेबलाभोवती गोळा झालो होतो.

आता तुझ्या लग्नाचं. १९९७ साली पुण्याच्याच डॉक्टरांनी गुप्तरोगाच्या दवाखान्यात आलेल्या बायकांविषयी लिहिलं, तेव्हा खळबळ माजली. ज्यांचा नवऱ्याशिवाय कुणाशी संबंध नव्हता अशा लग्नाच्या बायकांतही लागण मोठ्या प्रमाणात सापडली. त्या बायकांनी काही चुकीचं केलं नव्हतं. त्यांनी फक्त विचारलं नव्हतं. म्हणून मी तुला विचारायला सांगतेय.

आणि एक कबुली देते, मायला यातलं काही सांगशील तेव्हा एवढा भाग गाळ. मीही तुझ्या दाजींना लग्नाआधी विचारलं नव्हतं. तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. या नोकरीला लागले, पहिल्या महिन्यात समोर बसलेल्या नव्या नवऱ्या बघितल्या आणि रात्री झोप लागेना. शेवटी पोटात बाळ असताना दोघं तपासायला गेलो. मी रोज ज्या बाकावर लोकांना बसवते, त्याच बाकावर बसले होते. दाजी शेजारी मान खाली घालून. दोघांचं निगेटिव्ह आलं. पण त्या अर्ध्या तासात मला कळलं, की हा प्रश्न लग्नानंतर विचारणं किती जड असतं. तुझ्यावर ती वेळ येऊ नये.

त्याच्याशी कसं बोलायचं? "तू कर" असं म्हणू नकोस. "आपण दोघं करू, मी आधी करते," असं म्हण. त्याच्या तालमीचं कौतुक कर आणि सांग, की अक्का म्हणते, धडधाकट माणसाचंच आधी तपासावं, कारण त्याचं दिसत नाही. तो हसेल आणि येईल. चिडला, तरी त्याच्या पाठीमागं रक्त तपासायचा घाट घालू नकोस. माणसाच्या संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही आणि निकाल दुसऱ्याला सांगता येत नाही. २०१७ चा कायदाच आहे तसा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. नोकरीवरून, शाळेतून, दवाखान्यातून कुणाला हाकलायलाही त्यात बंदी आहे. त्याचा निकाल त्याचा, तुझा तुझा. मग दोघांनी एकमेकांना सांगायचं.

तपासणी गेवराईच्या उपजिल्हा रुग्णालयात होते, बीडच्या जिल्हा रुग्णालयातही होते. गावातलं कुणी भेटेल अशी धास्ती वाटली तर सरळ बीडला जा. पैसे लागत नाहीत. आधी समुपदेशक बोलते, मग रक्त, मग निकाल, मग पुन्हा बोलणं. एक ध्यानात ठेव. गेल्या तीन महिन्यांत काही धोक्याचं घडलं असेल, तर आज निगेटिव्ह आलं तरी तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं लागतं, कारण सुरुवातीला तपासणीत सापडत नाही. आणि कधी कुणा मैत्रिणीवर जबरदस्तीसारखा प्रसंग ओढवला, तर ७२ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात नेलं पाहिजे. लागण टाळणाऱ्या गोळ्या तेव्हाच देता येतात, आणि जितक्या लवकर तितकं चांगलं. काही विचारायचं असेल आणि मला विचारायची लाज वाटली, तर १०९७ वर फोन कर. फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही.

त्याच दिवशी आणखी दोन कामं उरकून घे. तुझं रक्त किती आहे ते बघ, कमी असेल तर लोहाच्या गोळ्या आणि जंताची गोळी घे. आणि मागच्या महिन्यात माय म्हणत होती, तुला पांढरं जातंय म्हणून. ते तिथल्या सुरक्षा क्लिनिकात दाखव. लाजू नकोस. तिथल्या बाईंना दिवसाला अशा वीस जणी भेटतात. कुणी लगेच पिशवीची भाषा केली, तर उठून ये आणि मला फोन कर.

समजा, दोघांपैकी एकाचं पॉझिटिव्ह आलं. तेव्हा काय? रडशील. रड. पण लग्न मोडायचं की करायचं हे त्या दिवशी ठरवू नकोस. बीडला आणि अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात एआरटी केंद्र आहे. बहुतेकांना दिवसाला एकच गोळी लागते. ती आयुष्यभर, न चुकता. खोकला असेल, मग तो कितीही दिवसांचा असो, तर आधी टीबी तपासायचा. पुढं कधी कामासाठी कोल्हापूर-सांगलीकडं किंवा कर्नाटकात जायचं झालं, तर आधी केंद्रात सांगायचं. जास्त दिवसांच्या गोळ्या घेता येतात, नाहीतर तिकडच्या केंद्रात नाव वळवता येतं. फडावर गेले म्हणून गोळी सुटली, ही सबब मी फार जणींकडून ऐकली आणि त्यातल्या काहींच्या मातीला गेले.

मायला एवढंच सांग, की अक्का अभद्र बोलत नाही. अभद्र ते, जे माहीत असून कुणी बोललं नाही.

मी रविवारच्या गाडीनं येते आणि दोन दिवस राहते. सोमवारी सकाळी आपण तिघं बीडला जाऊ. मी बाहेर बाकावर बसेन, आत तुम्ही दोघं जा. त्याला आजच विचार.

तुझी,
अक्का